सेकंडहँड परफॉर्मन्स गाडी घेताय? आधी काय तपासायचं आणि घेतल्यावर काय काय बिघडतं

स्कोडाची ऑक्टाविया आरएस आणि लॉरा व्हीआरएस, बीएमडब्ल्यू ३२८आय, फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, असल्या जोरदार इंजिनाच्या गाड्या सेकंडहँड बाजारात आता अशा भावात मिळतात की नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही बुक करायला निघालेला माणूस मध्येच थबकतो. थबकायलाच हवं, कारण चालवायला या गाड्यांसारखी मजा त्या पैशात दुसरीकडे नाही. पण पहिल्यांदा घेणारे बरेच जण सहा महिन्यांत वैतागून विकून टाकतात, आणि कारण गाडी वाईट हे नसतं, तर काय बिघडणार हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. मी पुण्यात सेकंडहँड घेतलेली ऑक्टाविया आरएस २३० चालवतो आणि मित्रांसोबत गाड्या बघायला सतत जात असतो, त्यातून जे कळलंय ते इथे ओळीने लिहितोय. माझा हात फोक्सवॅगन-स्कोडावर जास्त बसलाय, त्यामुळे त्यांच्याबद्दल जास्त लिहिलंय, बीएमडब्ल्यूबद्दल मोजकं.

१. गाडी बघण्याआधी पैशाचं गणित

आरएस २३० भारतात २०१७ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम २४.६२ लाखांना होती. आज ती कितीलाही मिळू दे, तिचा वॉटर पंप, तिचा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग), तिचे ब्रेक डिस्क हे सगळं २५ लाखांच्या गाडीच्याच भावाने येतं. गाडीची किंमत निम्म्यावर येते, पार्टची येत नाही. हे एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे मनस्ताप वाचतात.

म्हणून माझं सरळ मत आहे, बजेट १५ लाख असेल तर १२-१२.५ ची गाडी शोधा आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. बाजूला म्हणजे खरोखर वेगळ्या खात्यात, अलॉय व्हील आणि एक्झॉस्टसाठी नाही. पहिल्या वर्षात त्यातले बरेचसे लागतातच, आणि नाही लागले तर दुसऱ्या वर्षी लागतात. सगळं कर्ज काढून, शेवटचा रुपया घालून असली गाडी घेणार असाल तर थांबा, कारण मग दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात, आणि टर्बो पेट्रोल गाडीत ढकललेली दुरुस्ती पुढच्या महिन्यात तिप्पट होऊन परत येते.

दुसरं, किती दुर्मिळ गाडी घेताय ते बघा. आरएस २४५, म्हणजे २३० नंतरची आरएस, भारतात २०२० मध्ये फक्त २०० आल्या, त्याही पूर्ण आयात. इंजिनाचे बरेच पार्ट फोक्सवॅगन ग्रुपमधल्या (स्कोडा, ऑडी त्यातच येतात) दुसऱ्या गाड्यांशी जुळतात म्हणून तिथे फारशी अडचण येत नाही, पण फक्त आरएसचाच असलेला बंपर किंवा हेडलॅम्प फुटला तर बाहेरून मागवावा लागतो आणि गाडी तोपर्यंत वर्कशॉपमध्ये उभी. घरात दुसरं वाहन नसेल तर याचा विचार आधी करा.

२. कागद, आणि कागदातून गाडीबद्दल काय कळतं

हे लागेल:

- मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० (मालकी बदलाचे), विकणाऱ्याच्या सह्यांसकट
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी
- कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायला)
- दोघांचे पॅन आणि पत्त्याचे पुरावे
- सर्व्हिसची बिलं, नुसता शिक्का मारलेलं पुस्तक नाही
- दोन्ही चाव्या, आणि अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून लावलेल्या लॉकनटची चावी (ही कायम हरवलेली असते, आणि पंक्चर झाल्यावर रात्री एक्स्प्रेस वेवर आठवते)

परिवहन किंवा वाहनच्या साइटवर नंबर टाकून कितवा मालक, कर्जाची नोंद, ब्लॅकलिस्ट बघा, ई-चलन वेगळं बघा. ते पाच मिनिटांचं काम आहे.

आता जे लोक करत नाहीत ते. विकणाऱ्याकडून जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवरची सूट) किती आहे ते वाचा. ५० टक्के असेल तर ओळीने निदान पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. "गाडीला ओरखडासुद्धा नाही" असं सांगणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २० दिसला तर विचारा, काय झालं होतं. उत्तर साधंसुधं असू शकतं, पण विचारायचंच. आणि हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणजे तो तुम्हाला मिळणार नाही. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवसांत अर्ज टाका, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते म्हणून उडी मारू नका. महाराष्ट्रात आणून कायम चालवायची तर इथला रोड टॅक्स परत भरावा लागतो, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो पण महागड्या पेट्रोल गाडीवर तो चांगलाच बसतो, आणि तिकडचा रिफंड मिळवायला वेगळे हेलपाटे. हे सगळं धरून बेरीज करा आणि मग स्वस्त आहे का ते ठरवा. पाण्यात बुडालेल्या गाड्या तर कुठूनही येतात, मुंबईतून येतात, २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरातूनही आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, तळाशी चिखलाची रेघ दिसते का बघा, कारण आतलं सगळं धुतात पण पट्टा पूर्ण ओढून कुणी धुत नाही. सीटखालच्या रेलवर गंज आणि वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर नमस्कार करून निघा.

३. गाडी थंड असतानाच बघायला जा

विकणाऱ्याला फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या, खरंच या, कारण टर्बो पेट्रोल गाडीचे अर्धे रोग पहिल्या दहा सेकंदांतच दिसतात आणि गरम झाल्यावर लपतात.

सुरू करताना मित्राला आत बसवा आणि तुम्ही पुढे उभे राहा. कान द्या. सेकंद-दोन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन (इंजिनातली, व्हॉल्वची वेळ सांभाळणारी साखळी) किंवा तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा संशय. मग मागे जाऊन धूर बघा: निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि गोडसर वास म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलेंडरच्या आत जातोय (सकाळच्या थंडीत थोडी पांढरी वाफ कुठल्याही गाडीला येते, ती लगेच विरते), काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. दहा मिनिटं आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबा, तेव्हा निळा फुगारा आला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व सील गेलेत.

गाडी आयडल असताना ऑइलचं झाकण उघडायचा प्रयत्न करा. हलकी ओढ जाणवणं ठीक आहे. पण झाकण आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं घट्ट बसलं असेल किंवा इंजिनमधून बारीक शिट्टी येत असेल तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्वचा, पडदा फाटलाय. हे फार मोठं काम नाही, पण भाव करताना मोजायचं.

४. स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या दोषांच्या नोंदी, म्हणजे कोड, वाचणारं साधन: फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, बीएमडब्ल्यूला तिची स्वतःची ॲप्स. साधा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण गिअरबॉक्स आणि एबीएसच्या कंट्रोलरपर्यंत बहुतेक वेळा पोचत नाही, म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्याला सोबत न्या, त्याला दोन पैसे द्या.

हे कोड लक्षात ठेवा. पी०३०० ते पी०३०४ मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, बहुतेकदा ठिणगी देणारी कॉइल किंवा प्लग. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, यात फाटलेल्या पाइपपासून वेस्टगेटपर्यंत (टर्बोचा दाब आवरणारी झडप) काहीही निघू शकतं. पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडतो तो दांडा) यांचा ताळमेळ सुटलाय, चेन ताणलेली असू शकते, इथे सावध. पी२०१५ लॉरा व्हीआरएसच्या जमान्यातल्या टीएसआय (फोक्सवॅगन ग्रुपच्या टर्बो पेट्रोल) इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) फ्लॅपमुळे येतो, ओळखीचा त्रास आहे.

आणि सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते: एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. तुम्ही येण्याच्या तासभर आधी कोड पुसलेले असू शकतात. स्कॅनरमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. कोड पुसले की हे मॉनिटर शून्यावर येतात आणि बऱ्याच चालवण्यानंतर परत पूर्ण होतात. "अपूर्ण" दिसत असेल तर एकतर बॅटरी नुकतीच काढली होती किंवा कुणीतरी कोड साफ केलेत, आणि दोन्हीचं कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

५. चालवून बघताना

निदान अर्धा तास. सोसायटीला एक फेरी मारून काही कळत नाही. ट्रॅफिक हवा, एक चढ हवा आणि मोकळा रस्ता हवा.

गिअरबॉक्स आधी. डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन ग्रुपचे दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सगळे एक नव्हेत, हे नवीन माणसाला कुणी सांगतच नाही. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये डीक्यू २०० आहे, सात गिअर, कोरडा क्लच. आरएस २३० मध्ये डीक्यू २५०, सहा गिअर, क्लच ऑइलमध्ये बुडालेला. आरएस २४५ मध्ये डीक्यू ३८१, सात गिअर, तोही ओला. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये जी बदनामी झाली ती मुख्यतः डीक्यू २०० ची, पण लोक सगळ्यांनाच त्यात ओढतात.

डीक्यू २०० असेल तर पहिल्याचा दुसरा गिअर पडताना, आणि हळू चालत असताना दुसऱ्यात थरथर येते का बघा. ती क्लचची. अचानक गिअरच न पडणं, डिस्प्लेवर पाना किंवा गिअर लुकलुकणं, हे मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) बिघडल्याचं लक्षण, आणि तो खर्च लाखाच्या घरात जातो. डीक्यू २५० असेल तर दर ६०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर बदलल्याचं बिल मागा, तोंडी नको. रिव्हर्स टाकल्यावर धक्का बसतो का, ब्रेक सोडल्यावर गाडी गुळगुळीत सरकते का, चढावर मागे येते का, बघा.

मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवरून पूर्ण दाबा. ओढ सलग यायला हवी. मध्येच अडखळली तर कॉइल-प्लग, हवेचा फुसफुस आवाज आला तर टर्बोचा पाइप. मग ताशी ८०-९० वरून ब्रेक मारा, स्टिअरिंग हललं तर डिस्क वाकडे झालेत. खंबाटकी किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या गाड्यांना हे हमखास असतं. हात स्टिअरिंगवर अगदी हलका ठेवून गाडी एका बाजूला ओढते का तेही बघा.

६. लिफ्टवर चढवा

लिफ्टचे पैसे तुम्ही द्या, पण चढवाच. खालून सम्प (इंजिन ऑइलची तळाची टाकी), बुश (जोडांमधले रबर) आणि गळती या तीन गोष्टी मुख्य.

आपले स्पीडब्रेकर आणि या गाड्यांची उंची यांचं जमत नाही. ईए ८८८ (ग्रुपचं १.८, २.० टीएसआय) इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे आरएस २३० वगैरेंच्या, खालचा ऑइल सम्प प्लास्टिकचा असतो आणि ड्रेन प्लगही प्लास्टिकचा, त्यामुळे खालचं कव्हर काढून तडा, ठिबक किंवा डकवलेलं काही आहे का ते बघा. सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे बुश फाटलेले असणं आणि स्टॅबिलायझर लिंक खडखडणं हे आपल्या रस्त्यांवर जवळपास सगळ्यांना असतंच, त्यावरून गाडी सोडू नका, भाव कमी करा.

टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकाने गाडीवर किती खर्च केला ते कळलंच. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह किंवा ऑडीच्या क्वाट्रोसारख्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेतला फरक ती ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर येतो. अलॉयच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, वाकलेला असेल तर खड्ड्याचा इतिहास तिथे असतो, बाहेरून चकाचक दिसलं तरी.

७. ट्यून केलेली होती का?

या गाड्यांचा हा स्वतंत्र विषय आहे. आरएस २३० ला फक्त सॉफ्टवेअर बदलून तीनशेच्या आसपास पीएस काढतात, आणि विकायच्या आधी परत स्टॉक, म्हणजे मूळ स्थितीत, करतात. रीमॅप (असा सॉफ्टवेअर बदल) केलेली गाडी वाईटच असं मी म्हणत नाही, नीट ऑइल बदललेली आणि चांगल्या ट्यूनरकडची गाडी मी स्वतः घेईन. लपवलेली मात्र घेणार नाही.

खुणा: इनटेकच्या आणि डाउनपाइपच्या (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपच्या) बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे, इंजिन कव्हर गायब, एक्झॉस्टला न जळलेल्या पेट्रोलचा वास (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलाय, पीयूसीला अडकाल). फोक्सवॅगन ग्रुपच्या सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नोंदीत टीडी१ असा शेरा दिसत असेल तर कंपनीला सॉफ्टवेअर छेडल्याचं कळलेलं आहे आणि वॉरंटीची आशा सोडा. इन्शुरन्स कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी नडतो, आणि आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाहीत.

८. नेहमी जे बिघडतं ते

आता मुख्य भाग. गाडी घेतलीत असं धरून चालतो.

*कूलंट.* आरएस २३० आणि त्या काळातल्या सगळ्या १.८, २.० टीएसआयचा हा पहिल्या क्रमांकाचा त्रास. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारी झडप) यांचं एकत्र हाउसिंग, म्हणजे कवच, प्लास्टिकचं असतं, गरम-थंड होऊन होऊन ते वाकतं आणि सीलमधून झिरपायला लागतं. झिरपतं इतकं हळू की खाली जमिनीवर थेंबसुद्धा पडत नाही, गरम इंजिनावर तिथल्या तिथे वाळून जातं. माझ्या गाडीचं असंच झालं. टाकीतली पातळी महिन्याला बोटभर उतरायची आणि एक गॅरेज दर वेळी वरून भरून देत "होतं असं" म्हणायचं. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला, टॉर्च आणि छोटा आरसा घालून दाखवलं: हाउसिंगच्या जोडावर गुलाबी पापुद्रा, मीठ सुकल्यासारखा, नखाने निघणारा, आणि तिथून खाली गिअरबॉक्सच्या माथ्यावर गेलेली एक फिकट रेघ. बाकी सगळं कोरडं. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा हीच जागा बघा.

कूलंट बंद यंत्रणेत असतो, तो "होतं असं" म्हणून कमी होत नाही. कमी होतोय म्हणजे बाहेर जातोय किंवा आत जातोय. आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, या गाड्यांत काटा मुद्दाम ९० वर स्थिर ठेवलेला असतो, खरं तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. महिन्यातून एकदा सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी पातळी बघा. भरायचाच तर कंपनीने सांगितलेला गुलाबी-जांभळा कूलंट, हिरवा कूलंट किंवा नळाचं पाणी नको. दुरुस्ती करताना नुसतं सील न बदलता पूर्ण हाउसिंग पंपासकट बदला, कारण मजुरी तेवढीच लागते.

*टायमिंग चेन.* "चेन आहे, बेल्ट नाही, आयुष्यभर बघायला नको" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक विकणारा सांगेल. लॉरा व्हीआरएसमधल्या ईए ८८८ च्या दुसऱ्या पिढीत जुन्या टेन्शनरची खरी अडचण होती: टेन्शनर सुटला की चेन दात सोडते, पिस्टन व्हॉल्वला भिडतात आणि इंजिन संपतं. खालच्या टायमिंग कव्हरवर रबराचं एक छोटं बूच असतं, ते काढून टेन्शनर जुना की सुधारित आणि किती बाहेर आलाय ते बघता येतं. २०११-१२ ची व्हीआरएस घेताय तर हे केल्याशिवाय घेऊ नका. त्याच इंजिनांना पिस्टन रिंगमुळे ऑइल खाण्याचीही सवय होती, म्हणून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) दर हजार किमीला काढून बघा. आरएस २३० च्या पिढीत हे दोन्ही खूपच सुधारलंय.

*कार्बन.* डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्वच्या पाठीवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे धुतलं जात नाही आणि ऑइलच्या वाफेचा काळा थर जमत जातो. लक्षणं: थंड असताना आयडल डुगडुगणं, मिसफायर, ओढ मंदावणं. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हा थर जात नाही, पेट्रोल तिथे पोचतच नाही तर बाटली काय करणार. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुसा दाबाने मारून साफ करतात. मोठ्या शहरांत करणारे मिळतात. ६०-८० हजार किमीच्या पुढची गाडी असेल तर निदान कॅमेरा घालून बघून घ्या.

*कॉइल आणि प्लग.* स्वस्तात सुटणारा त्रास, पण एक नियम पाळा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर हळू चालवत गॅरेजला जा. दिवा लुकलुकत असेल तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जाऊन पेटतं आणि काही हजारांचं काम लाखावर जातं.

*टर्बो.* टर्बो बहुतेक वेळा स्वतःहून जात नाही, ऑइलमुळे जातो. कंपनी १५,००० किमी किंवा वर्ष म्हणते, मी ७-८ हजारांवर बदलतो आणि सेकंडहँड गाडीला सगळ्यांना तेच सांगतो. डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-४० बघून घेऊ नका, गाडीच्या पुस्तकात दिलेली मंजुरी, म्हणजे फोक्सवॅगनची ५०२ ०० किंवा बीएमडब्ल्यूची एलएल-०१ वगैरे, डब्यावर छापलेली असायला हवी. थंड इंजिनावर दाबू नका, कूलंट गरम झाला तरी ऑइल गरम व्हायला अजून बराच वेळ लागतो. घाट चढून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

*बीएमडब्ल्यू.* ३२८आयमधल्या एन२० इंजिनात टायमिंग चेनचे प्लास्टिक गाइड (तिला सरळ धरणाऱ्या पट्ट्या) फुटायचे आणि तुकडे सम्पमध्ये पडून ऑइलची जाळी बुजवायचे, कंपनीने नंतर पार्ट सुधारला. म्हणून २०१२ ते १५ ची गाडी असेल तर ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारा घुईं असा आवाज ऐका आणि गाइड बदलल्याचं बिल विचारा. ऑइल फिल्टर हाउसिंगचं आणि व्हॉल्व कव्हरचं गॅस्केट गळणं नेहमीचं, त्यातलं पहिलं टाळू नका कारण तिथलं ऑइल बेल्टवर जातं आणि बेल्ट फाटून भलतीकडे घुसू शकतो. वॉटर पंप इलेक्ट्रिक आहे, न सांगता बंद पडतो. आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" आहे असं सांगतील, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान बदला म्हणते. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकतो. बॅटरी बदलली की ती गाडीच्या सिस्टिममध्ये रजिस्टर करावी लागते, कोपऱ्यावरचा बॅटरीवाला ते करत नाही.

९. घेतल्यावर पहिल्या महिन्यात

विकणारा काहीही म्हणो, शून्यापासून सुरू करा: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल (दोन वर्षांत बदलायचंच, ते हवेतलं पाणी ओढतं), कूलंटची तपासणी, ओल्या डीएसजीचं बिल नसेल तर गिअरबॉक्स ऑइल. डीएसजीचं ऑइल बदलल्यावर स्कॅनरने बेसिक सेटिंग (क्लच-गिअरची जुळणी गाडीला नव्याने शिकवणं) करायला लावा, नुसतं भरून पाठवतात बरेच जण.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत किती ऑक्टेन लागतं ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि तेच भरा. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, इथेनॉल ओलावा ओढतं. आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर आत्ताच बंदोबस्त करा, वायरिंग कुरतडलेल्या गाडीतला दोष शोधण्यात जेवढे दिवस जातात तेवढे दुसऱ्या कशातच जात नाहीत.

१०. गॅरेज कसं निवडायचं

कंपनीचं सर्व्हिस सेंटर रिकॉल, सॉफ्टवेअर आणि चावीच्या कामांना चांगलं. रोजच्या दुरुस्त्यांना फक्त याच ब्रँडवर काम करणारं स्वतंत्र गॅरेज बरं, पुण्या-मुंबईत अशी आहेत. जाण्याआधी दोनच प्रश्न विचारा: व्हीसीडीएस किंवा बीएमडब्ल्यूचं आयस्टा (कंपनीचं दोष शोधायचं सॉफ्टवेअर) आहे का, आणि डीएसजीची बेसिक सेटिंग कशी करता. उत्तर देताना चाचपडले तर पुढचं गॅरेज बघा. दोष न शोधता "हा पार्ट बदलून बघू" म्हणणाऱ्याकडे असली गाडी ठेवू नका, कारण तो बघणार तुमच्या पैशाने. काम झालं की काढलेला पार्ट परत मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि ती बिलं फाइलला लावत जा, तुमच्याकडून गाडी घेणारा पहिल्यांदा तीच मागणार आहे.